दुपारची पावलं

फेब्रुवारीपासून आमच्या हिंगोलीच्या एसटी आगारात एकच विषय चालू होता. फोनचं अपडेट. दिवाळीत आम्ही चार-पाच जणांनी एकाच कंपनीचे फोन घेतले होते. त्यांचं नवं अँड्रॉइड जानेवारीत येणार असं कंपनीने कळवलं होतं. पुण्यामुंबईकडे ते आलंही होतं म्हणे. आमच्याकडे टप्प्याटप्प्याने येणार होतं, आणि तो टप्पा कुठे अडकलाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी तिथे वाहतूक नियंत्रक आहे. खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहितो, माइकवरून फलाट पुकारतो. एकवीस वर्षं हेच काम केल्यामुळे घड्याळ न बघताही मला वेळ कळते. सेनगावकडच्या गोरेगावची गाडी नेणारा बाबूसिंग निघण्याआधी खिडकीशी यायचा.

"आलं का, साहेब?"

"न्हाई. तुझं?"

"गोल गोल फिरते अन् म्हणते, तुमचा फोन अद्ययावत आहे. कायचा अद्ययावत!"

तेवढ्यावर आम्ही हसायचो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते अपडेट यावं म्हणून मी तासातासाला फोन बघायला लागलो.

माझी बायको पुनम. तिचं माहेर डोंगरकडा. आमचं घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या वसाहतीत, तीन खोल्यांचं. लेक प्रतिक्षा नांदेडला शिकायला गेल्यापासून दिवसभर पुनम घरी एकटीच असते. तिला शुगर निघाली. रोज चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून तिलाही मी माझ्यासारखाच फोन घेतला होता. बाबूसिंगने दोन्ही फोन जोडून दिले, त्यामुळे तिची पावलं मला माझ्या फोनवर दिसायची. पहिले आठ दिवस ती संध्याकाळी रामलीला मैदानावर गेली. पावलं बराबर मोजली जायची. मग कंटाळली. फोन दिवसभर फ्रिजवर पडून राहायला लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी मी खिडकीतच डबा खाल्ला आणि सहज फोन उघडला. पुनमची पावलं सात हजार एकशे चाळीस. सुरुवात एक वाजून दहा मिनिटांनी. शेवट दोन एकोणतीसला.

मला बरं वाटलं. घरी गेल्यावर म्हणालो, "आज लई चाललीस."

"कुठं?" ती पीठ मळत होती. "दुपारी जी झोपले ती अडीचला उठले."

मी फ्रिजवरच्या फोनकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक दहा ते दोन एकोणतीस. सात हजार एकशे चाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच. बारकाईने पाहिलं तेव्हा आलेखात मधोमध एक सपाट जागा दिसली. तीन हजार पाचशे सत्तर पावलं, अकरा मिनिटांचा थांबा, परत तेवढीच पावलं. म्हणजे कुणीतरी ठरलेल्या ठिकाणी जाऊन येत होतं. जायला चौतीस मिनिटं, यायला चौतीस.

माणसाच्या मनात काय येतं ते आलं. एकोणीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी संशय घेतला नव्हता. त्या आठवड्यात मी माइकवर दोनदा चुकीचा फलाट पुकारला. रविवारी तर घरापासून तीन हजार पाचशे सत्तर पावलं मोजत चाललो. एका बाजूला कयाधू नदीच्या पुलाजवळ पोचलो. दुसऱ्या बाजूला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, जिथे हळदीची पोती उतरवत होते. तिसऱ्या बाजूला रुळांच्या कडेला, जिथे काहीच नव्हतं. कुठल्या दिशेला जाते ते फोन सांगत नव्हता. नकाशा कोराच होता.

सोमवारी दुपारी खिडकी दुसऱ्याकडे सोपवून मी घरी गेलो. एक पन्नास झाले होते. माझ्या किल्लीने दार उघडलं.

पुनम मधल्या खोलीत चटईवर झोपली होती. कूलर चालू. फ्रिजवर तिचा फोन, चार्जरला लावलेला. मी तो उचलला. तीन हजार पाचशे सत्तर. आकडा स्थिर होता. मला हसूच आलं. माझीच लाज वाटली. एवढ्यात एक पंचावन्न झाले आणि आकडा हलला.

एकाहत्तर. बहात्तर. त्र्याहत्तर.

फोन माझ्या तळहातावर पडून होता. आकडा एकेकाने वाढत होता, चालणाऱ्या माणसाच्या ठेक्यात.

"पुनम." मी हाक मारली. मग खांदा हलवला. मग जोरात हलवला. ती उठली नाही. कूलरच्या गार वाऱ्यात तिच्या कपाळावर घाम होता, आणि श्वास जरा भरभर चालला होता.

दोन एकोणतीसला आकडा थांबला. पुनमने डोळे उघडले.

"तुमी कवा आलात?"

"आत्ताच."

ती उठून बसली, पोटऱ्या चोळायला लागली. माझ्या हातातल्या फोनकडे तिचं लक्ष गेलं.

"बघाया आलते ना?" ती म्हणाली. "मी कुठं जाते ते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन मी सोबत आगारात नेला. फोन घरी नसताना काय होतं ते मला बघायचं होतं. एक दहाला तो माझ्या रजिस्टरवर पडल्या पडल्या मोजायला लागला. बाबूसिंग खिडकीशी उभा होता. मी त्याला दाखवलं.

"बग हाय साहेब हा, सॉफ्टवेअरची चूक," तो म्हणाला. "नेटवर लई जणांनी लिवलं. नव्या अपडेटमदी जाणार हाय."

आम्ही दोघं आकड्याकडे बघत राहिलो. मध्येच तो दहा-बारा सेकंद अडला आणि मग भराभर वाढला.

"रस्ता ओलांडला," बाबूसिंग गमतीत म्हणाला. थोड्या वेळाने ठेका संथ झाला. तो चोवीस वर्षं गाडी चालवतो. "हितं चढ लागला," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही. त्याने टोपी घातली. "अपडेट आलं की जाईल सगळं," असं म्हणून तो गाडीकडे गेला. त्याची वेळ व्हायला अजून सहा मिनिटं होती.

पुनमच्या झोपेबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. बग आहे, हे मला पटवून घ्यायचं होतं. मी सकाळी उठल्या उठल्या सेटिंग उघडायचो, आंघोळीनंतर उघडायचो, दोन गाड्यांच्या मध्ये उघडायचो. तुमचा फोन अद्ययावत आहे. तिच्या फोनवरही तेच. रात्री जेवताना एका हाताने तेच चालायचं.

"त्या फोनात काय येणार हाय एवढं?" पुनम विचारायची.

"दुरुस्ती."

"कशाची?"

पावलं तेवढीच राहिली. मधला थांबा मात्र वाढत गेला. अकरा मिनिटांचे चौदा झाले, मग वीस, मग पस्तीस. पुनमचं उठणं तेवढंच पुढे गेलं. पावणेतीन व्हायला आले, मग तीन वाजत आले. तिची शुगर उतरली. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिचं कौतुक केलं, असंच चालत राहा म्हणाले. ती माझ्याकडे न बघता मान हलवत राहिली.

एकदा धीर करून मी विचारलं, "झोपेत सपन पडते का काही?"

"पडत असंल. उठल्यावर आठवत न्हाई." ती वाळवणाचे गहू निवडत होती. जरा वेळाने आपणहून म्हणाली, "तिथं बसाया बरं वाटते."

"कुठं?"

तिने सूप खाली ठेवलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "मी काय म्हणले आत्ता?"

चोवीस मार्चला माझी साप्ताहिक सुट्टी होती. ऊन चढलं होतं. गावाबाहेरून हळद शिजवल्याचा वास वसाहतीपर्यंत येत होता. साडेबाराला बाबूसिंगचा फोन आला, सेनगावहून.

"साहेब, आलं बरं का. मला आलं. तुमचं बघा."

माझ्या फोनवर आलं नव्हतं. पुनमच्या फोनवर आलं होतं. मी लगेच उतरवायला लावलं. पुनम जेवून आडवी झाली. एक दहाला मोजणी सुरू झाली. एक चव्वेचाळीसला थांबली, तीन हजार पाचशे सत्तरवर. त्याच सुमारास अपडेट पूर्ण उतरलं. खाली सुधारणांची यादी होती. त्यातली सहावी ओळ मी दोनदा वाचली. पावले मोजण्यातील त्रुटी दूर केली. त्याखाली दोन पर्याय होते, आता इन्स्टॉल करा आणि नंतर.

मी थांबायचं ठरवलं. ती परत येऊ दे, मग करू. हे असंच, याच शब्दांत माझ्या मनात आलं, आणि बग म्हणणाऱ्या माणसाच्या मनात ते का यावं याचा मला रागही आला.

अडीच वाजले. आकडा हलला नाही.

तीन वाजले.

मी पुनमजवळ बसलो. हाका मारल्या. तोंडावर पाणी शिंपडलं. तिचा श्वास संथ, खोल चालला होता. चेहऱ्यावर असं समाधान मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती जिथे कुठे बसली होती तिथे तिला बरं वाटत होतं. उठायची घाई नव्हती.

साडेतीन. तीन हजार पाचशे सत्तर.

चार वाजायला दहा मिनिटं होती. बाहेर शेजारच्या रुख्मिणीबाई गाईला हाकलत होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. भीती होती, पण खोटं कशाला बोलू, रागही होता. मी बोट ठेवलं. आता इन्स्टॉल करा.

फोन काळा झाला.

पुनमचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. शब्द नव्हते, नुसता श्वास. तिची पावलं चटईवर एकदा घासली गेली, आधी उजवं, मग डावं. मग तीही थांबली.

बावीस मिनिटं लागली. फोन सुरू झाल्याची धून वाजली तशी पुनमने डोळे उघडले.

"भूक लागली," ती म्हणाली.

आजची पावलं तीन हजार पाचशे सत्तर. पुढे नाही.

त्यानंतर सगळं ठीक झालं. पुनमने दुपारी झोपणं सोडलं. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या. ती हसतमुख झाली. प्रतिक्षाशी फोनवर खूप वेळ बोलायला लागली. एक दहाला मी आगारातून बघायचो. शून्य. दीडला शून्य. दोनला शून्य. "गेला ना बग?" बाबूसिंगने विचारलं. मी व्हय म्हणालो. माझ्या फोनवर ते अपडेट अजून आलेलं नव्हतं, पण मला त्याची घाई राहिली नव्हती.

सहाव्या दिवशी पुनम आपणहून म्हणाली, "चला मैदानावर. बसून बसून अंग जड झालं."

ऊन कललं होतं. पोरं क्रिकेट खेळत होती. आम्ही कडेकडेने तीन फेऱ्या मारल्या. ती बोलत होती, प्रतिक्षाच्या मेसचं, वरच्या घरातल्या भाडेकरूंचं. फोन तिच्या हातात होता.

"किती झाले बघा बरं," तिने फोन पुढे केला.

शून्य.

नवा बग, मी म्हणालो. अपडेटने एक दुरुस्त केलं, दुसरं बिघडवलं. तिलाही ते पटलं.

मग मी माझा फोन काढला. त्यावर जुनंच अँड्रॉइड होतं. दोन हजार चारशे दहा. मी तो तिच्या हातात दिला.

"एक फेरी हा घेऊन मार. मी हितं बसतो."

"तुमी न्हाई का येत?"

"पाय दुखून राहिले."

ती गेली. मी कट्ट्यावर बसून तिला बघत होतो. पिवळ्या साडीत, नेहमीच्या चालीने, हात जरा जास्त हलवत, ती खेळणाऱ्या पोरांना वळसा घालून पलीकडच्या कडेने चालत होती. तिच्या चपलांनी धूळ उडत होती. एका पोराचा चेंडू तिच्या पायाशी आला, तिने तो वाकून परत फेकला. पूर्ण फेरी करून ती आली. थोडी धापही लागली होती.

तिने फोन माझ्या हातात दिला.

दोन हजार चारशे दहा.

"बराबर हाय का?" तिने विचारलं.

"व्हय."

मी उठलो. फोन हातात तसाच धरून फाटकाच्या दिशेने दहा पावलं चाललो. पुनम माझ्या शेजारून, माझ्याच ठेक्यात चालत होती.

दोन हजार चारशे वीस.