पालथा चमचा

सोलोमिया, ते चमचे उचलू नकोस. ताटं घे, पेले घे, पण गव्हाच्या, मध-खसखशीच्या खिरीचं भांडं आणि त्यातले चमचे रात्रभर टेबलावरच राहतात. आज सहा जानेवारी, आपल्या जुन्या पंचांगाची पवित्र रात्र, उद्या नाताळ. घरातली गेलेली माणसं आज येतात, चार घास खाऊन जातात. आणि सकाळी ज्याचा चमचा पालथा सापडेल, तो पुढची पवित्र रात्र बघत नाही. हसताय? हसा. पासष्ट वर्षं मीही हसत होतो. मागच्या वर्षी थांबलो.

बसा इकडे. तो फोन ठेव रे खाली. नेस्टर पासिचनिकचं सांगतो. ऑगस्टमध्ये त्याच्या मातीला तुम्ही सगळे आला होतात, आणि शवपेटी बंद का ठेवली म्हणून मागच्या बाकावर कुजबुजत होतात. ऐकलंय मी सगळं. कापणीच्या यंत्रात सापडलेल्या माणसाची पेटी उघडी ठेवत नाहीत, एवढं तरी कळायला हवं होतं.

नेस्टर सहा वर्षांचा असताना त्याचे आईबाप बर्फात गाडी घसरून गेले. त्याला वाढवलं एव्दोकिया आजीनं. आजी कोण होती हे तुम्हाला काय सांगू? रस्त्यात गाडी बंद पडलेला माणूस असो, विमा विकणारा असो, दारुडा असो, तिच्या स्वयंपाकघरात जेवल्याशिवाय कुणी पुढं गेलं नाही. पंचावन्न वर्षं दाराला कुलूप नव्हतं. पवित्र रात्री एक ताट जास्तीचं, अनोळखी पाहुण्याचं. आणि जेवणाआधी खिरीचा वाडगा घेऊन ती पायरीवर जायची आणि अंधारात हाक मारायची, "गारठेबुवा, गारठेबुवा, या, खीर खायला या! आणि मग वर्षभर आमच्या गव्हाच्या वाटेला जाऊ नका!"

आम्ही पोरं खिडकीतून बघायचो. खरंच कुणी आलं तर?

पुढं आमच्याकडे डिझेलच्या चोऱ्या सुरू झाल्या आणि नेस्टरनं दाराला नवं कुलूप बसवलं. दार ओढलं की आपोआप लागायचं. आजी चिडली. "अरे, पाहुण्यानं काय समजायचं? मेली का म्हातारी?"

"पाहुणे नाही गं, चोर येतात हल्ली."

"चोर काय उपाशी नसतो?"

त्याच हिवाळ्यातली पवित्र रात्र. सकाळी आजी पायरीवर सापडली. दाराला टेकून बसलेली, मांडीवर वाडगा. खीर गोठून दगड झाली होती, आणि आजीही. एव्हाना ती विसरायला लागली होती. जेवणं उरकून नेस्टर झोपल्यावर गारठेबुवाला बोलवायचं राहिलं असं तिला वाटलं असणार. ती बाहेर गेली. दार मागं लागलं.

नेस्टर म्हणाला, मी गाढ झोपेत होतो, काही ऐकलं नाही. सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फादरनी प्रवचनात सांगितलं, "या बाईच्या दारातून कुणीही परत गेलं नाही." सगळं देऊळ रडलं. नेस्टर रडला नाही. मला तेव्हा वाटलं, पोरगा दगड आहे.

वर्ष गेलं. मागच्या सहा जानेवारीला तो एकटाच होता. मी म्हटलं, माझ्याकडे ये जेवायला. तो म्हणाला, "नाही ओनुफ्री काका. तिच्या घरात तिचं ताट मांडतो. एक गोष्ट तिला सांगायची राहिलीय. आज ती येणारच, नाही का?" मी हो म्हटलं. तोंडदेखलं.

त्यानं तीन ताटं मांडली. त्याचं, आजीचं, पाहुण्याचं. खिरीत तीन चमचे. पावणेदहा वाजता त्याच्या लक्षात आलं, टेबलाच्या चादरीखाली गवत घालायचं राहिलं. येशू गोठ्यात जन्मला म्हणून घालतो ना आपण, ते. आजीनं कधी चुकवलं नव्हतं. गोठा पन्नास पावलांवर. तो सदऱ्यावरच निघाला. मूठभर गवत आणायला कोट कशाला?

दार मागं लागलं.

किल्ली आत, फोन आत. बाहेर उणे एकोणचाळीस. गवत घेऊन तो परत आला, दाराची मूठ फिरवली... आणि समजला. वारा नव्हता. खिडकीत मेणबत्ती जळत होती. रिकाम्या घराचं दार कुणी ठोठावतं का? पण त्याचा हात आपोआप गेला.

तीन वेळा.

आत सपाता सरपटल्या.

हळूहळू... दारापर्यंत.

"कोण आहे?"

नंतर मला सांगताना नेस्टर म्हणाला, काका, माझी जीभ उचलेना.

दार उघडलं. "ये रे बाबा, आत ये. केवढी थंडी ही! कुणाचा तू?"

तीच होती. तोच निळा रुमाल. झग्याचा मांडीवरचा भाग ओला. तिनं त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि पाहुण्याच्या खुर्चीवर बसवलं. आधी खुर्चीवर फुंकर मारली. "कुणी बसलेलं असलं तर... आज गर्दी असते." खीर पुढं केली. पाहुण्याचा चमचा त्याच्या हातात दिला. तो खात राहिला. गोड होती, म्हणाला. गोड, आणि बर्फासारखी गार.

"आजी, मी नेस्टर."

"हळू बोल. नेस्टर वर झोपलाय. दमतं रे माझं लेकरू." ती हसली. "एकदा मी बाहेर अडकले होते. हाक नाही मारली. त्याची झोप मोडली असती. नुसतं हळूच ठोठावलं. त्यानं ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर धावत आला असता."

आता तुम्ही सांगा. गप्प बसता आलं असतं की नाही? मी असतो तर बसलो असतो. पण वर्षभर ती एकच गोष्ट त्याच्या घशात अडकली होती.

"त्यानं ऐकलं होतं," नेस्टर म्हणाला. "तीनदा. मग परत तीनदा. त्याला वाटलं, कुणी दारुडा आलाय. दिवा लावला तर आजी उठेल, त्याला आत घेईल, रात्रभर कटकट. म्हणून तो श्वास रोखून पडून राहिला... ठोठावणं थांबेपर्यंत."



मेणबत्ती हलली नाही.

मग ती उठली. "माझं अन्न खातोस," ती म्हणाली, "आणि माझ्याच घरात माझ्या नातवाबद्दल असलं बोलतोस?"

"आजी..."

"माझा नेस्टर तसा नाही. ऊठ."

पंचावन्न वर्षांत तिनं कुणाला घालवलं नव्हतं. चोराला नाही, दारुड्याला नाही. त्याला घालवलं. दार मागं लागलं. तो खिडकीशी गेला. काचेतून बघितलं.

ती टेबलाशी उभी होती. पाठमोरी. बराच वेळ... मान खाली. मग तिनं हात पुढं केला. काय केलं ते तिच्या पाठीआड राहिलं.

मेणबत्ती विझली.

सकाळी देवळात जाताना मी त्याच्या घराकडे वळलो तेव्हा तो गोठ्यात दोन गायींच्या मधे, गवतात सापडला. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती. तोंडाला मधाचा वास. डॉफिन गावातल्या दवाखान्यात नेताना त्यानं मला हे सगळं सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगतोय. मी म्हटलं, थंडीत माणसाला भास होतात. तो म्हणाला, "असतील. काका, एवढं करा. तुमच्याकडे जादा किल्ली आहे. चमचे बघून या."

मी दुपारी गेलो. दाराला कुलूप. आत कुणी नाही. पाहुण्याचा चमचा चाटूनपुसून स्वच्छ. आजीचा उताणा. आणि खिरीत नेस्टरचा चमचा... पालथा. नुसता पालथा नाही. कुणीतरी जोर लावून दाबलेला. मला हातमोज्यांसकट दोन्ही हातांनी ओढावा लागला. मी तो उताणा केला, भांडं धुतलं, गाडीत बसलो आणि रस्ताभर खोटं बोलायची तयारी केली.

तो खाटेवर जागाच होता. उजव्या हाताला जाड पट्टी होती, ती तीन बोटं पुढं कापावीच लागली.

"उताणे होते रे," मी म्हटलं. "तिन्ही. उगाच घाबरलास."

तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. माझ्या हातमोज्याच्या अंगठ्याला मध लागला होता, आणि मधात खसखशीचे चार दाणे.

"बरं झालं, काका," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.