उरलेला अर्धा गिलास

"बाई, ह्या चहात चिलट हाय!"

शिवकांताने टाइपरायटरवरून मान वर केली. निलंग्याहून बदलून आलेला नवा कारकून कप पुढे धरून उभा होता... कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, डोळ्यांत मिश्कील हसू. चिलट तिच्याच कुंड्यांतलं होतं, नाकारायला तोंड नव्हतं. तेवढ्यात दुसरं एक उडालं आणि नेमकं तिच्या नाकावर बसलं! तो खुदकन हसला. मेलं काळीज उगीचच धडधडायला लागलं.

"काढून टाका अन् प्या," ती ठसक्यात म्हणाली. "दुष्काळात चहा सांडू न्हाई."

त्याने खरंच चिलट काढलं आणि तिच्याकडे बघत बघत कप रिकामा केला. नाव म्हणे वीरभद्र!

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ऑफिस भाड्याच्या घरात, पाटीचा रंग करकरीत आणि नळ मात्र कोरडा ठणठणीत. जो तो घरून आपापला तांब्या भरून आणायचा. खिडकीत शिवकांताने मनीप्लांट लावले होते. मुखेडहून निघताना आईने वेलाच्या फांद्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. पुढे आई गेली, फांद्या तेवढ्या जगल्या. गिलासात उरलेला घोट फेकणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं, म्हणून सगळं ऑफिस तो कुंडीत ओतायचं. गाव तहानलेलं, कुंड्यांत चिखल, आणि त्या चिखलात चिलटांची चंगळ.

एक दिवस ऑफिसप्रमुख अमृतरावसाहेबांच्या डोळ्यातच चिलट गेलं.

"पुढल्या महिन्यात कलेक्टरसाहेब येणार हायेत," डोळा चोळत ते कडाडले. "तवर एक जरी दिसलं, तर कुंड्या उकिरड्यावर!"

शिवकांताने पदर खोचला. कुंडीत थेंबही टाकायचा नाही, अशी सगळ्यांना तंबी दिली. वरची ओली माती खरवडली, कोरड्या वाळूचा थर पसरला, पिवळ्या पुठ्ठ्यांना एरंडेल फासून ते मातीत खोचले. चिलटं पटापटा चिकटायला लागली. पण थोरल्या कुंडीची वाळू रोज ओलीच! तिथून नवी चिलटं उठतच होती.

एका सकाळी ती लवकर आली आणि दारातच थबकली. खिडकीशी वीरभद्र होता. त्याने गिलास भरला, अर्धा प्यायला... आणि उरलेला अलगद थोरल्या कुंडीत ओतला.

"तुमी?" ती उसळली. "मी चिलटं मारतेय, अन् तुमी पाळताय?"

तो गोरामोरा झाला. "वरून वाळू दिसली... वाटलं, तहानलं असंल. तुमच्या आईचं रोप. सुकलं तर तुमी रडाल. ते मला बघवणार न्हाई."

"म्हणून सोताचं पाणी?"

"अर्धंच की..."

त्याचे सुकलेले ओठ तिला आत्ता दिसले. राग कुठल्या कुठे पळाला, आणि आनंद मनात मावेना.

"लई ओल झाली की मूळ कुजतं," ती हळूच म्हणाली. "माती वाळू द्या. मग चिलटं आपोआप संपतात."

"अन् पाणी?"

"माती पार कोरडी झाल्यावर. मी सांगीन तवा... दोघं मिळून घालू."

कलेक्टरसाहेब आले त्या दिवशी नव्याने खोचलेले पिवळे पुठ्ठे कोरे होते. अमृतरावसाहेबांनी कुंडीत वाकून पाहिलं, नाक मुरडायला काही सापडलं नाही, आणि ते हार घेऊन दाराकडे धावले. त्यांच्यामागे सगळं ऑफिस धावलं.

मागे दोघंच उरली. वीरभद्रच्या हातात सवयीने अर्धा पिऊन ठेवलेला गिलास होता.

"आता हे कुणाला देऊ?"

तिने गिलास त्याच्या हातून काढून घेतला.

"अवो, उष्टं हाय ते—"

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांत बघत गटागटा पिऊन टाकला. "तुमच्या आईला सांगा, मुखेडची एक फांदी निलंग्याला यायची हाय. लावायची तयारी ठेवा."