मागच्या रांगेतली टाळी

माझ्या मामांना थाप मारता येत नाही. मारायला गेले की त्यांचे कान लाल होतात. हे सगळं ते सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या कानांकडेच बघत होतो.

कान जसेच्या तसे होते.

भुताखेतांची गोष्ट म्हटली की रात्र आलीच. ही मात्र दुपारची आहे. थंडी नुकती सरलेली, बाहेर लख्ख ऊन. आणि जागा म्हणाल तर स्मशान नाही की ओसाड बंगला नाही. एक मशीद, एक चर्च आणि एक देऊळ.

मामांचा धंदा साउंडचा. माईक, मशीन, स्पीकर. शहरातल्या झाडून सगळ्या प्रार्थनेच्या जागांचं काम त्यांच्याकडे. स्वतः कुणापुढे हात जोडणारे नाहीत. देव कुठलाही असो, भिंती सारख्याच घुमतात, असं म्हणायचे.

मामी मात्र त्यांच्या वाटचे हात सगळीकडे जोडून यायची. कामावर ती कायम बरोबर असे. मामा मशीनपाशी बसत आणि मामी चालत थेट शेवटच्या रांगेत जाऊन उभी राही. आवाज तिथवर पोचतो का, हे मशीनपाशी बसून कळत नाही. आणि देवाच्या दारात ओरडून सांगायचं कसं? म्हणून दोघांची खूण ठरलेली होती.

एक टाळी, म्हणजे पोचतंय.

दोन टाळ्या, म्हणजे पोचत नाही.

निम्मा संसार दोघांनी असा हॉलच्या दोन टोकांना उभं राहून केला.

मग मामी गेली. डोक्यात रक्तस्राव झाला. जाण्याआधी काही दिवस नुसती पडून होती, डोळे मिटून. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल. मामा बोलत राहिले. गच्चीवरची टाकी धुतली, मांजरीला पिल्लं झाली, असलंच काहीबाही. तिचा हात हातात धरून.

बोटसुद्धा हललं नाही.

पोचलं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मामा रडले नाहीत. पाहुणे पांगले आणि ते कामाला लागले. वाढलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, म्हणायची, बाबांचा प्लगच कुणीतरी काढून ठेवलाय.

अशात मशिदीतलं जुनं मशीन बदलायचं काम आलं.

दुपारची नमाज होऊन माणसं गेली होती. बांग देणारे चाचा बाहेर हातपाय धुवायची जागा घासत होते. आत कोणी नाही. पंखे बंद. मामांनी माईक चालू केला.

‘हॅलो... चेक...’

मागून... दोन टाळ्या आल्या.

मामांच्या हाताने सवयीने आवाज वाढवला.

‘चेक... पोचतंय?’

पुन्हा दोन टाळ्या. पोकळ, तळवे वाटीसारखे करून वाजवलेल्या. मामी तशीच वाजवायची.

तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

ते शेवटपर्यंत जाऊन बघून आले. कोणी नव्हतं. बाहेर येऊन चाचांना विचारलं, टाळ्या तुम्ही वाजवल्या का. चाचांनी हातातला खराटा दाखवला. वर म्हणाले, आवाज जरा कमी ठेवा, पार रस्त्यापर्यंत जातोय.

मामा घाबरले का? नाही. घाबरायला आत काहीतरी जागं असावं लागतं. त्यांनी वायरी गुंडाळल्या, घरी आले, जेवले.

पुढच्या आठवड्यात चर्च. फादर किल्ली देऊन बाहेर गेले होते. रिकामी बाकं, रंगीत काचांतून जमिनीवर उतरलेलं ऊन. मामा माईकपाशी गेले आणि नुसतेच उभे राहिले.

मागच्या बाकापाशी कोणीतरी वाट बघत असावं, तशी शांतता...

‘पोचतंय?’

दोन टाळ्या.

आवाज वाढवला. दोन टाळ्या. आणखी वाढवला. काचा थरथरल्या, स्पीकरने कान फाटतील अशी शिट्टी मारली.

शिट्टी विरल्यावर... दोन टाळ्या.

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. बाजारभाव सांगावा तसं. ताईने मनाचे खेळ म्हणून समजूत घातली खरी, पण देवळाच्या कामाला मामांना एकटं सोडलं नाही.

देवळात पुजारी दुपारचे आडवे झाले होते. आई उभी राहायची त्याच शेवटच्या खांबापाशी ताई जाऊन उभी राहिली. मामा बोलू लागले. त्यांचे ओठ हलताना तिला दिसत होते.

पण आवाज... येत नव्हता.

मामांचाच असं नाही. वर घुमणाऱ्या कबुतरांचा नाही, रस्त्याचा नाही. तिने चुटकी वाजवून पाहिली. तिचाही नाही. एक पाऊल पुढे टाकलं, तसं सगळं एकदम कानावर आदळलं. मागे सरली... पुन्हा काहीच नाही.

ती जवळजवळ पळतच मामांपाशी आली. पांढरीफटक.

‘बाबा, चला इथून.’

‘बस जरा,’ मामा म्हणाले.

त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. माईक खाली ठेवला. आणि घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात बोलू लागले.

‘टाकीचं झाकण बदललं गं. पिल्लं हिच्या नणंदेने नेली. मी बरा आहे. म्हणजे... जेवतो.’

मग शेवटच्या खांबाकडे बघत बसले.

ताई आजही शपथेवर सांगते. त्या खांबापाशी...

एक टाळी वाजली.

कबुतरं फडफडून उडाली. मामा मान पुढे काढून ऐकत राहिले. ताई म्हणाली, ‘बाबा, एकच होती. पोचलं.’ मामांनी हातानेच तिला गप्प केलं. ते दुसरीची वाट बघत होते.

कबुतरं परत येऊन बसली. पुजारी उठून आले. दुसरी टाळी वाजली नाही.

येताना गाडीत ताई खूप रडली. मामा गाडी चालवत होते.

नंतर चाचांचा फोन आला. मशीन उत्तम चाललंय म्हणाले. फक्त एकदा, एका दुपारी हॉल रिकामा असताना मागून टाळी ऐकू आली होती. एकच. तुमचं एखादं यंत्र आत चालू राहिलं होतं का? मामांनी विचारलं, कोणत्या दिवशी. चाचांनी सांगितला तो दिवस देवळातलाच होता. वेळही साधारण तीच.

देवळात एक. मशिदीत एक. मिळून दोन.

ताईच्या मते दोन्हीकडून आई तेच सांगत होती, पोचलं म्हणून.  मामा त्यावर माझ्याशी एकदाच बोलले.

‘दोन टाळ्यांच्या मध्ये ती किती थांबायची, तेच आता मला आठवत नाही रे.’

त्या दुपारी चर्चमध्ये कुणाला काही ऐकू आलं होतं का, हे फादरांना विचारायला हवं. आमच्यापैकी कोणी अजून गेलेलं नाही.