बाविसाव्या मजल्यावरचं पाणी

बसा रे जवळ. सुमित, मोबाइल खिशात. मृणाल, तू ते दार ओढून घे, आणि मला मध्ये टोकू नकोस.

ही ऐकीव गोष्ट नाही. महेंद्र माझ्या चांगल्या ओळखीचा. वर्तकनगरला माझं पार्ट्सचं दुकान होतं तेव्हा वीस वर्षं तो माझ्याकडूनच हीटर न्यायचा. राहायला डोंबिवलीत, मानपाड्याला. गीझर, पंप, गरम पाण्याचे टब, काहीही दुरुस्त करायचा. त्यानंच जगनला हाताखाली घेऊन तयार केला, टेस्टर कसा धरायचा इथपासून. आणि चार वर्षांत लोक म्हणायला लागले, जगनलाच पाठवा. महेंद्र मला तोंडावर सांगायचा, "काका, खोटं कशाला बोलू, त्याचं नाव ऐकलं की पोटात दुखतं."

गेल्या पावसाळ्यात जगन झोपेतच गेला. महेंद्र मातीला गेला, मीराबाईंसमोर, म्हणजे जगनच्या बायकोसमोर, ढसाढसा रडला. पण परतताना त्याच्या मनात आलं, आता तरी लोक मला बोलावतील. माणसाचं मन असं असतं बघा.

बोलावणं आलं. घोडबंदर रोडचा एक टॉवर, बाविसावा मजला, वासंतीबाईंच्या गच्चीतला टब. पाणी तापायचं आणि तासाभरात गार. तीन मेकॅनिक हात टेकून गेलेले. हे जमलं तर टॉवरमधलं सगळं काम महेंद्रला मिळणार होतं.

तारीख अठरा डिसेंबर. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, संध्याकाळचे सात. घरात उद्यापनाचं हळदीकुंकू. वासंतीबाईंनी त्याला गच्चीत नेलं आणि पहिलंच वाक्य काय? "जगन असता तर ही वेळ आली नसती हो."

महेंद्र काचेचं दार लावून कामाला लागला. फिल्टर गच्च भरलेला, त्यामुळे पाणी नीट फिरत नव्हतं आणि हीटर आपोआप बंद पडत होता. त्यानं फिल्टर धुतला. सेन्सर बदलला. झाकणाची फाटलेली कड चिकटवली. साडेआठला तापमानाचा आकडा अडतीसवर स्थिर. त्याला वाटलं, जिंकलो.

मग हीटरचं पॅनल लावताना त्याला स्टिकर दिसलं. जगनचं नाव, जगनचा नंबर. आता आमच्या धंद्यात जिवंत माणसाचं स्टिकर सगळेच फाडतात, त्यात काही नाही. पण गेलेल्या माणसाचं कुणी काढत नाही. त्याच्याखाली आपलं लावायचं, ही रीत. महेंद्रला माहीत होती. मीच सांगितलेली.

त्यानं नखानं खरवडून काढलं. तुकडे खाली उडवून दिले. आपलं लावलं.

आकडा झाला छत्तीस.

त्यानं हीटर पाहिला. चालू. पंप चालू. झाकण बंद.

तेहतीस... एकोणतीस...

काचेपलीकडे बायका हसत होत्या, ओटी भरत होत्या. पण आवाज... मघापर्यंत काचेतूनही येत होता, आता एकाही बाईचा नाही. खालच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या. एकही हॉर्न नाही.

त्यानं झाकण उचललं. मघाशी पाणी काठाच्या वीतभर खाली होतं, त्यानं स्वतः पाहिलेलं. आता काठोकाठ. जसं कुणी आत बसल्यावर चढतं, तसं. आत कुणी नव्हतं. बुडबुडे सगळीकडे उठत होते... टबातली समोरची बसायची एक जागा सोडून.

महेंद्रला भीती वाटायला हवी होती. त्याला राग आला. "जगन्या," तो म्हणाला, "मेल्यावर तरी माझं काम माझं राहू दे ना रे!"

त्यानं उजवा हात पाण्यात घातला. सेन्सर चाचपायला. आकडा काहीही म्हणो, पाणी चांगलं गरम होतं. पुढे सरकवला. गरम. अजून पुढे...

गार.

आणि त्या गार जागेत... कुणीतरी... त्याचा हात हातात घेतला. ओढला नाही. दाबला नाही. नुसता धरला.

किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

मग सुटला. पाणी सावकाश वीतभर खाली गेलं. आकडा अडतीस. दारातून बायकांचा कलकलाट ऐकू आला.

तो टब त्यानंतर एकदाही गार पडलेला नाही. वासंतीबाई सगळ्यांना सांगतात, महेंद्रसारखा मेकॅनिक ठाण्यात नाही. सगळा टॉवर त्याच्याकडे आला. इतकी वर्षं ज्यासाठी जळला, ते सगळं मिळालं. पण महेंद्र आता ते काम घेत नाही. परवा नात झाली, तिलाही त्यानं अजून उचललेलं नाही.

काय रे, हसतोस? बरं. मागच्या रविवारी तो इथे आलेला, याच खुर्चीवर बसलेला. मृणाल, चहा तूच दिलास ना? उकळता?

"हो काका. वाफ येत होती."

त्यानं कप उजव्या हातात धरला. एक घोटही न घेता मिनिटभरात परत ठेवला. तू उचलायला गेलीस... सांग यांना.

"...चहावर बर्फाची साय होती."