उतारावरची टकटक

सिंगापुरात बसून हिमालयातला बर्फ तपासायचा, हा उद्योग ऐकणाऱ्याला चेष्टेचाच वाटतो. सुमेधाला जुरोंग ईस्टच्या शेजारणीने विचारलंही होतं, "इथे फ्रीजरबाहेर बर्फ असतो कुठे?" पण काम खरं होतं. तिच्या प्रयोगशाळेने लाहौलमधल्या एका उतारावर खांब रोवला होता, त्याला आवाज टिपणारे सेन्सर लावले होते. तिथली कुरकुर इथे हेडफोनमध्ये ऐकू यायची.

त्या रविवारी दुपारी ती प्रयोगशाळेत एकटीच होती. एसीची घुरघुर आणि ओलसर कार्पेटचा कुबट वास, बाकी शुकशुकाट. संध्याकाळी तिकडे वादळ यायचं होतं. उताराच्या पायथ्याशी रस्त्याच्या मजुरांचा तळ होता, आणि त्यांच्यासोबत तिचा विद्यार्थी धवल. तळ हलवायचा की नाही, ते तिने सांगायचं होतं. मोसमातला पहिला बर्फ कोरड्या थंडीत साखरेसारखा भुसभुशीत होतो, आणि त्यावर नवा बर्फ साचला की सगळंच घसरतं. पण तसा तो झाला होता का, ते काही केल्या कळत नव्हतं.

तिने हेडफोन लावले.

टक… टक… टक.

बर्फ तपासायची ही पद्धतच होती. बर्फाचा चौकोनी ठोकळा कापायचा, त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. आधी मनगटाने हलक्या, मग कोपरापासून, शेवटी खांद्यापासून. ठोकळा जितका लवकर ढासळेल तितका धोका जास्त. मनगटाच्या थापा संपल्या. कोपरापासूनची पहिलीच पडली आणि काहीतरी धप्पकन खाली बसलं. फारच लवकर.

सुमेधा भडकली. तिने फोन लावला.

"धवल, एकटा वर जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं ना?"

"वर? ताई, मी तळावर चहा पितोय. सगळे इथेच आहेत. आज कुणीच वर गेलेलं नाही."

हेडफोनमध्ये थापा पुन्हा सुरू झाल्या. दर दोन थापांनंतर किंचित थांबायची ती लकब… सुमेधाच्या अंगावर सर्रकन काटा आला. अशा थापा फक्त तिचा सहकारी प्रबोध मारायचा. तो खांब त्यानेच रोवला होता. मार्चमध्ये त्याच उतारावर बर्फ कोसळून प्रबोध गाडला गेला, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला तरी सापडला नाही.

"ताई?… काय झालं?"

 घाबरून बसायची ही वेळ नव्हती.

"तळ हलव. आत्ता. सगळ्यांना नदीपलीकडच्या शाळेत ने."

"अहो, मुकादम ऐकायचा नाही. काय सांगू त्याला?"

"सांग, तपासणी झाली. बर्फ कच्चा आहे."

"तपासणी… कुणी केली?"

"ज्याला येते त्याने. वाद घालू नकोस, नीघ."

मग नुसतं वाट बघणं. लेकीचा, इराचा फोन आला, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. "आई, डिनर कोल्ड ऑलरेडी, ला!" "जेवून घे तू," म्हणून तिने फोन ठेवला, पण जागची हलली नाही.

बाहेर पुरती रात्र झाली तेव्हा हेडफोनमध्ये उतार फुटला. लांबलचक गडगडाट झाला आणि एकेक सेन्सर मुका होत गेला. बऱ्याच वेळाने धवलचा फोन आला. तो रडत होता.

"तंबूंची खूणसुद्धा उरली नाही ताई. पण आम्ही सगळे आहोत… सगळे."

सुमेधालाही रडू फुटलं. डोळे पुसून ती हेडफोन काढणार, तोच…

टक.

खांब तर बर्फाबरोबर वाहून गेला होता. पडद्यावर एकच सेन्सर चालू दिसत होता, खांबाच्या बुडाशी मातीत पुरलेला. वर उभं राहायला आता कुणालाच जागा नव्हती. थापा खालून येत होत्या. खांद्यापासून, पूर्ण जोराने.

"धवल," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज जराही कापत नव्हता. "वादळ ओसरलं की खांबाच्या जागी खणायचं. नुसता बर्फ नाही, खालची मातीसुद्धा. मी येते."

इथला आवाज तिकडे पोचायची काही सोयच नव्हती. तरी तिचं वाक्य संपलं आणि टकटक थांबली.