शेंदूर नव्हे, रेड ऑक्साईड

भूत म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र आठवते. माझं भूत भर दुपारी आलं, आणि ते माझ्या अंगठ्याएवढं होतं. हसा, आधी हसून घ्या.

मी गहिनीनाथ पेंटर. मांजरसुंब्याकडच्या गावांतल्या सोसायट्यांच्या पाट्या रंगवायचो. दुष्काळ पडला, जनावरं छावणीत गेली, आमच्या दूध सोसायटीला कुलूप लागलं. बंद सोसायटीला पाटी कशाला लागते? बायको अंजना म्हणाली, "औंदा ऊस तोडाया जावं लागतंय." तेवढ्यात पुण्याच्या एका साहेबांचं काम आलं. तिकडे चांगली शिकलीसवरली माणसं टेबलाभोवती बसून, फासे टाकत राक्षस-योद्ध्यांचा खेळ खेळतात. त्यातला एक प्लास्टिकचा राक्षस रंगवायचा होता. पोट सुटलेलं, तोंड सताड उघडं. पसंत पडला तर आणखी काम, नाहीतर हातात कोयता. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने तो जायलाच हवा होता.

सोसायटीची खोली जरा गार, म्हणून किल्ली मागून तिथेच बसलो. आंबलेल्या दुधाचा वास अजून भिंतींत होता. वर उन्हाने पत्रे कडकड वाजत होते. पाटीला देतो तसं मी राक्षसाला रेड ऑक्साईडचं अस्तर दिलं, आणि हात स्थिर आहे तोवर उरकावं म्हणून आधी डोळेच काढले.

आई भाकरी घेऊन आली. तिला मोतीबिंदू.

"आगं बया! शेंदूर लावून डोळं काढलेस व्हय रं?"

"शेंदूर न्हाई आई, रेड ऑक्साईड हाय."

"ते त्याला कसं कळंल? डोळं उघडलेस, आता तहान लागंल त्याला. उपाशी नको ठिवू."

हात जोडून ती गेली. मी चेष्टेने शेजारच्या पाण्याच्या वाटीत बोट बुडवून त्याच्या तोंडावर एक थेंब सोडला.

ब्रश धुवायला वाटी ओढली तर कोरडी. ऊन फार, आटलं असेल. पुन्हा भरली, रंगाची डबी घ्यायला वळलो... आणि मागे आवाज झाला.

घुटुक.

पाल असेल, मी स्वतःला सांगितलं. पाल घुटुक करत नाही हे मला ठाऊक होतं. वळून पाहिलं. वाटी कोरडी. शेजारच्या माझ्या बाटलीचं बूच घट्ट बसलेलं, आणि बाटली रिकामी! भीतीच्या आधी मला रागच आला.

"घरात प्यायला न्हाई, अन् तू... तू ढोसतो व्हय बे?"

तो बघत होता. मी त्याच्या पोटाला बोट लावलं. माठासारखं गार.

डोळे पुसून टाकावेत असं फार वाटलं. पण बिनडोळ्यांचा राक्षस साहेब घेतील कशाला? मग काय, थुंकीने ब्रश ओला करत बाकीचे रंग चढवले. काम संपलं तेव्हा तोंडात थुंकीही उरली नव्हती, आणि राक्षसाचे ओठ चकाकत होते.

संध्याकाळी ढाब्यावर राक्षसाची डबी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली. त्याने ती कानाशी हलवली.

"पेंटर, आत पाणी हाय का? खळखळतंय की."

"न्हाई... रंग हाय," म्हणालो आणि घरी पळालो.

साहेबांचा फोन आला, आनंद आवाजात मावत नव्हता. "काय ओले ओठ काढलेत हो! मित्र वेडे झालेत. इकडे आमच्या सोसायटीत नळ कोरडे पडलेत, टँकर मागवलाय, नाहीतर मीच येऊन भेटलो असतो. आता राक्षसांची अख्खी टोळी पाहिजे. पार्सल पाठवतोय."

अंजनाने कोयता माळ्यावर टाकला आणि गूळ वाटला. मीही खाल्ला. खोटं कशाला बोलू, ऊस तोडायला जायचं टळलं म्हणून मला रडू आलं.

खोकं आलंय. ते मी अजून फोडलेलं नाही. आत एकालाही डोळे नाहीत, रेड ऑक्साईड नाही, काही नाही. तरी आज सकाळी भरलेला टँकर आमच्या दारासमोर थांबला, बाया घागरी घेऊन धावल्या, ड्रायव्हरने पाइप सोडला, आणि पाइपातून नुसती हवा आली.