चांगलं असेल तरच सांग

तनयाचं लग्न आमोदशी ठरलं, तर श्यामच्या पदरात काय काय पडणार होतं, याचा अंदाज त्या संध्याकाळी त्याच्या विश्रांतवाडीच्या दिवाणखान्यात बसलेल्या कुणालाही बांधता आला असता. एकुलती एक लेक पुण्यातच राहणार होती. जावई तिच्याच सॉफ्टवेअर कंपनीतला, शांत, निर्व्यसनी. व्याही शिकलेले आणि मुख्य म्हणजे कमी बोलणारे. शिवाय 'श्यामच्या आईला वेड लागलंय' असं कुजबुजणाऱ्या तमाम नातलगांची तोंडं एका आमंत्रणपत्रिकेनं बंद होणार होती. इतकं सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबलं होतं, आणि तो प्रश्न आमोदच्या आईनं, कौशल्याबाईंनी, पोह्यांची बशी खाली ठेवत अगदी हळुवारपणे विचारला.

"आजींचं हे विस्मरण... म्हणजे, घराण्यातच आहे का हो?"

ऑफिसात चाळीस जणांना धाकात ठेवणारा श्याम पंख्याकडे पाहू लागला. त्याची बायको वसुधा चहा बघायला उठली. चहा तर समोरच होता! तनयाचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या पद्मजाच्या काळजात काहीतरी तुटलं... श्यामची ही थोरली बहीण; लग्न न करता मंडईजवळच्या दोन खोल्यांत आईला सांभाळणारी.

"आम्हा दोघांची तपासणी झालीय," ती म्हणाली. "आईच्या आजाराचं जनुक माझ्याकडे आलंय. श्याम सुटला. त्यामुळे तनयाचा प्रश्नच येत नाही."

भाजी संपली असं सांगावं, इतक्या सहज बोलली ती! खोलीतल्या सगळ्यांचा श्वास मोकळा झाला, कौशल्याबाईंनी पुन्हा बशी उचलली, आणि श्यामनं बहिणीकडे पाहिलं... दयेनं. ती दया मात्र पद्मजाला सुईसारखी टोचली. कारण ती खोटं बोलली होती, आणि खरं काय ते त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मुलांवर एका संस्थेत संशोधन चाललं होतं. रक्त तपासून जोखमीचं जनुक आहे का ते पाहायचं, मग यंत्राच्या बोगद्यात झोपवून शब्दांच्या जोड्या पाठ करायला लावायच्या आणि त्या वेळी मेंदूचा कुठला भाग किती काम करतो त्याचं चित्र काढायचं. पद्मजा गेली ती आईच्या आजाराबद्दल काही कळेल म्हणून. श्याम गेला तो सोयरिकीत दाखवायला काहीतरी हाती असावं म्हणून. दोघंही शिक्षकाच्या पोटची. रक्ताच्या रिपोर्टातही टक्केवारी शोधणारी! यंत्रातून बाहेर आल्याबरोबर श्यामनं पडद्यावरची दोन्ही चित्रं पाहिली. त्याच्या मेंदूत नारिंगी-तांबड्या रंगाची रोषणाई होती, पद्मजाच्या मेंदूत जेमतेम दोन-चार ठिपके.

"ताई, तुझ्याकडे लोडशेडिंग दिसतंय!" तो खदखदून हसला, आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला. त्या चित्राचा अर्थ संस्थेतल्या डॉक्टर सृष्टींनी सांगितला तो एकट्या पद्मजाला.

पुढे जनुकाचे निकाल आले. ज्याला हवा त्यानं घ्यावा, नको त्यानं घेऊ नये, असा नियम होता. श्यामनं आपला निकाल बहिणीच्या हाती द्यायला लेखी परवानगी दिली. "मला वेळ नाही. तूच वाच. आणि ताई... चांगलं असेल तरच सांग." जाता जाता बोलावं तसं बोलला, पण त्याच्या आवाजातला कंप तिला कळला. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात तो असाच तिचा हात धरायचा.

तिचा निकाल निर्दोष होता. श्यामचा नव्हता.

तिनं त्याला काही सांगितलं नाही. त्यानंही काही विचारलं नाही. हुशार माणसं प्रश्न न विचारण्यातही किती हुशार असतात!

साखरपुडा झाला, आणि पद्मजाच्या खोट्याची किंमत वसूल होऊ लागली. नातलग तिच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलू लागले, जणू जनुक कानात बसलं होतं. वसुधा रोज सकाळी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारायची, "ताई, आज वार कोणता हो?"

"मंगळवार. आणि वसुधा, कालही तू हेच विचारलंस. तुझ्या लक्षात आहे ना, का मी काळजी करू?"

विनोद करून वेळ निभत होती. पण दहावीच्या मुलांचा तिचा संस्कृतचा वर्ग विनोदानं निभेना. ज्या बाईंच्या हाताखालची मुलं पैकीच्या पैकी गुण आणायची, त्या बाईंचंच डोकं चालत नाही म्हणे... एकेक पालक नम्रपणे येऊन मुलाला काढून नेऊ लागला. रिकाम्या चटईकडे पाहताना तिचे डोळे भरून येत. त्या दोन तासांत ती कुणाची मुलगी नव्हती, बहीण नव्हती, आत्या नव्हती. ती फक्त पद्मजाबाई होती! तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं. तरी तिनं ओठ उघडले नाहीत.

मग एका रविवारी श्याम आला आणि म्हणाला, "आईसाठी वाघोलीत एक चांगलं केंद्र पाहिलंय. पुढच्या महिन्यात हलवू."

"का? इथं काय कमी आहे?"

"ताई, चिडू नकोस. पण उद्या तूच गॅस उघडा ठेवलास तर?"

पद्मजानं आईकडे पाहिलं. आई मऊ भात चिवडत बसली होती. तिला मुलगा ओळखू येत नव्हता, दिवस ओळखू येत नव्हता. पण पद्मजाच्या हातावाचून ती घास घेत नव्हती. वर्ग गेला, लौकिक गेला, ते तिनं हसून दिलं होतं. आता तिच्या खोट्याची किंमत आईकडून मागितली जात होती.

"डॉक्टरांना विचारू," ती एवढंच म्हणाली.

डॉक्टर सृष्टींच्या खोलीत श्यामनं सूत्रं हाती घेतली. "मॅडम, हिला तुम्हीच समजवा. ही ऐकत नाही. हिच्या मेंदूचं चित्र मी पाहिलंय ना, सगळा काळोख! माझं बघा, कसं झगमगत होतं."

"तुम्ही त्या दिवशी फोनवर होतात," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "झगमगाट म्हणजे गुण नव्हेत, श्यामराव. दोघांनाही सारखेच शब्द आठवले होते. तेवढ्याच कामाला एकाचा मेंदू कमी राबला, दुसऱ्याचा जास्त. चढावर जुनी गाडी जास्त घुरघुरते, तसं. जोखमीचं जनुक असलेल्यांत, आजाराची खूणही नसते तेव्हा, पुष्कळदा असं जादा राबणं दिसतं. मेंदू आधीपासूनच कसर भरून काढत असावा, असं आम्हाला वाटतं. अर्थात हे गटागटाच्या सरासरीतून कळतं. एकाच्या चित्रावरून कुणाचंही भविष्य सांगता येत नाही."

श्यामचं हसू ओठांवरच विरलं. "पण जनुक तर हिच्याकडे..."

"कुणाचाही निकाल मी दुसऱ्यासमोर बोलत नाही. तुमचा तुम्ही वाचलात ना?"

"ताईनं वाचला."

तो वळला. पद्मजानं मान फिरवली. पण फिरवायला उशीर झाला होता. आयुष्यभर ज्या चेहऱ्यावरून तो आपले निकाल वाचत आला, त्या चेहऱ्यावरून त्यानं हाही वाचला.

"ताई... माझ्याकडे आहे?"

"तू म्हणाला होतास ना, चांगलं असेल तरच..."

"आणि तू ते स्वतःवर घेतलंस! लोकांनी तुला वेड्यात काढलं, मी... मी तुझ्या गॅसची काळजी करत होतो! अगं, एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस!" पन्नाशी ओलांडलेला तो माणूस बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागला. डॉक्टर हळूच बाहेर गेल्या.

"पुरे," पद्मजा त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "जोखीम म्हणजे शिक्षा नव्हे. रक्तदाब सांभाळ, चालायला जा, झोप पुरी घे. आणि माणसांत बस, नुसता मीटिंगांत नको."

त्याच संध्याकाळी श्यामनं तनयाला सगळं सांगितलं. ती आत्याच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "माझी टेस्ट करायची की नाही, ते मी ठरवीन. पण खोट्यावर मी लग्न करणार नाही. बाबा, तुम्ही येताय का, की मी एकटी जाऊ?"

कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरची बशी बाजूला सारली. लग्न मोडलं, असंच श्यामला वाटलं.

"आमच्याकडे दोन पिढ्या मधुमेह आहे," त्या अखेर म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही सांगितलं नाही. तेव्हा मोठेपणा कुणीच घेऊ नये. पण तुम्ही खरं बहिणीच्या पदराआड लपवलंत, श्यामराव. ते आधी निस्तरा."

"आई, ते आत्यांनी परस्पर..." आमोद मध्ये पडू पाहत होता.

"तू गप्प बस. लग्न तुझं आहे, बोलणं माझं."

श्यामनं ते निस्तरलं. सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाच्या दारात तो स्वतः गेला आणि आजाराची जोखीम आपल्याला आहे, बाईंना नाही, हे स्वतःच्या तोंडानं सांगून आला. वाघोलीचा विषय सोडून आईला तो स्वतःच्या घरी, विश्रांतवाडीला घेऊन गेला. पहिले दोन दिवस तिनं त्याच्या हातचं थुंकून टाकलं. तिसऱ्या दिवशी पद्मजा शेजारी बसली, त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि त्या दोन हातांमधला घास आईनं घेतला.

"उद्या माझी वेळ आलीच," तो खालमानेनं म्हणाला, "तर..."

"मी आहे ना!"

"नाही, ताई. या खेपेला तू नाहीस. मी आणि वसुधानं ठरवलंय; कुणी, कुठं, कसं, सगळं. तू भेटायला ये. हातात काही न घेता ये."

नकार इतका गोड असतो, हे पद्मजाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं!

तर शेवटी या खोट्यापायी कुणी काय भरलं? श्यामनं आपला तोरा दिला आणि बदल्यात एक भीती घेतली. वसुधानं सकाळचा फोन बंद केला. माफी तिच्या तोंडून कधी आली नाही, ती तेवढ्यातच समजून घ्यायची. तनयानं निर्धास्तपणा दिला आणि आमोद मिळवला. आईला यातलं काहीच कळलं नाही, म्हणून तिनं काही भरलं नाही. उरलं पद्मजाच्या वर्गाचं वाया गेलेलं एक वर्ष. चटईवर निम्मीच मुलं परत आली, बाकीची दुसरीकडे रमली. ते वर्ष तिला कुणी परत देऊ शकत नव्हतं. तिनं मागितलंही नाही. भरलं तिनंच, पण या वेळी ते सगळ्यांना ठाऊक होतं.